पाचवी दौत

१

नकाशेकाराचं गुपित सोमवारी सकाळी सव्वानऊला फुटलं, आणि दहा वाजेपर्यंत ते लाखभर लोकांनी पाहिलं होतं.

कुणीतरी खोट्या नावाने इंटरनेटवर संगणकावरच्या एका गेममधली चव्वेचाळीस सेकंदांची चित्रफीत टाकली होती. नकाशेकार टेबलाशी बसलाय. टेबलावर दिवा, पाठीमागे फळी, फळीवर शाईच्या दौती. खेळणारा त्याला विचारतो, की ते बेट तुझ्या एकाही नकाशात का नाही. नकाशेकार बोलत नाही. उजव्या हाताची बाही वर सारतो आणि मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेला मिटलेला डोळा दिसतो. संपलं. तीन वर्षं पंधरा माणसांनी जिवापाड जपलेला गेमचा शेवट असा चव्हाट्यावर आला होता, आणि गेम बाजारात यायला अजून तीन आठवडे होते.

नकाशेकार हा इतिहासात होऊन गेलेला माणूस. तीनशे वर्षांपूर्वी त्याने एका बंदराचे आणि आसपासच्या किनाऱ्याचे नकाशे काढले, आणि त्या सगळ्यांतून एक बेट गाळलं. का गाळलं, कुणालाच माहीत नाही. गेमच्या लेखिकेने नेमकी तीच रिकामी जागा पकडली. तिने ठरवलं, की हा गृहस्थ 'मिटल्या डोळ्यांची मंडळी' नावाच्या एका गुप्त संघटनेचा सभासद होता. मंडळीचं ठाणं त्या बेटावर, आणि हा जन्मभर जगाला रस्ते दाखवत ते एक ठिकाण लपवत राहिला. एवढ्या एका कल्पनेवर लेखिकेचं नाव झालं. वर्तमानपत्रात पानभर मुलाखत आली. सोबतच्या फोटोत ती मधोमध होती, आणि कंपनीच्या साहेबांचं नुसतं कोपर आलं होतं.

ही लेखिका म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ.

थोरली त्याच ऑफिसात गेम तपासायचं काम करी. दिवसभर गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका हुडकायच्या. इथे भिंतीतून हात आरपार जातो, तिथे घोडा पाण्यावरून चालतो. अकरा वर्षांत तिच्या हातून चूक निसटली नव्हती, म्हणून सगळे तिला चाळणबाई म्हणत. धाकटीला या नोकरीत तिनेच चिकटवलं होतं. घरी बसून कविता करते, जरा कामाला लागेल, असं तिने साहेबांना सांगितलं होतं. आता सासूबाई आल्यागेल्याला ते वर्तमानपत्र दाखवत, आणि पाहुण्यांचा चहा मात्र थोरलीला टाकायला सांगत. थोरलीचा जळफळाट होई. ती तो कुणाला दाखवत नसे, पण स्वतःपाशी कधी नाकारतही नसे.

साहेबांनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचा फोन येऊन गेला होता. शुक्रवारी सकाळपर्यंत चोराचं नाव द्या, नाहीतर आमच्याकडून गेम बाद समजा. शेवटचा प्रसंग असलेली प्रत चौघांनाच दिली होती: स्वतः साहेब, इतिहासाचे अभ्यासक, चित्रकार आणि लेखिका.

"आणि पाचवी मी," थोरली म्हणाली.

"तुमच्याकडे तर सगळ्याच आहेत. म्हणून तुम्हालाच विचारतोय. खूण घातली होती ना?"

घातली होती. कुठली, ते मात्र तिने साहेबांनाही सांगितलं नव्हतं. चित्रकाराने फळीवर मुळात दोन दौती ठेवल्या होत्या. थोरलीने गुपचूप अभ्यासकांच्या प्रतीत त्या तीन केल्या, चित्रकाराच्या प्रतीत चार, लेखिकेच्या पाच आणि साहेबांच्या सहा. दौती मोजल्या, की प्रत कुणाची ते कळावं.

तिने चित्रफीत थांबवली आणि दौती मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या.

पाच होत्या.

२

त्या क्षणी तिला काय वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला. पाठोपाठ लाज वाटली, पण आनंद आधी झाला आणि तो लाजेपेक्षा मोठा होता.

तिने साहेबांना दौतींचा हिशेब सांगितला. दुपारपर्यंत तो ऑफिसभर झाला. धाकटीला बोलावलं गेलं. माझा संगणक मी उठताना बंद करते, परवलीचा शब्द नवऱ्यालाही ठाऊक नाही, प्रत मी कुणाला दाखवलेली नाही, एवढंच ती पुन्हापुन्हा सांगत राहिली. रडली नाही. तिचं न रडणंच साहेबांना अपराध्यासारखं वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी पाचला निकाल द्यायचा ठरलं. तोवर धाकटीने घरी बसायचं. दोष शाबीत झाला, तर नोकरी जाणार आणि गेमच्या नामावलीतून तिचं नावही जाणार. म्हणजे नकाशेकाराला ज्या बाईने मंडळीत नेऊन बसवलं, तिचा त्याच्याशी काही संबंधच उरणार नव्हता.

"अहवालावर सही तुमची लागेल, चाळणबाई," साहेब म्हणाले. "तुमच्या घरातलीच आहे. त्यामुळे तुमच्या सहीवर कुणी शंका घेणार नाही."

थोरली म्हणाली, की उरलेल्या तिघांनाही विचारल्याशिवाय मी सही करत नसते. तिच्या आवाजात इतका निःपक्षपातीपणा होता, की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

३

साहेबांना विचारायला वेळ लागला नाही. स्वतःच्या कोपराबद्दल त्यांना दुःख होतं, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं. पण कोपरासाठी कुणी स्वतःचं घर जाळत नाही, आणि त्यांचं घर या गेमवरच उभं होतं.

अभ्यासकांचं पोट जास्त दुखत होतं. मंगळवारी सकाळी थोरली त्यांच्या टेबलाशी गेली, तेव्हा ते जुन्या नकाशांच्या प्रतिमा भिंगातून बघत बसले होते. नकाशेकारावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं घालवली होती. नऊशे पानांचं चरित्र लिहिलं होतं, आणि ते विकत घेणाऱ्यांत त्यांचे दोन मेहुणे होते.

"त्या बिचाऱ्याला ते बेट दिसलंच नसेल. धुकं असेल त्या दिवशी," ते म्हणाले. "जन्मभर मी त्याच्याशी संसार केला, बाई. आणि तुमच्या जावेने तीन महिन्यांत त्याला पळवून नेलं. शेवटी काय, तर कसली मंडळी आणि कसला डोळा. मला राग आहे, आणि तो मी प्रत्येक बैठकीत बोलून दाखवलाय."

थोरलीने त्यांना गेम सुरू करून नकाशेकाराच्या खोलीपर्यंत जायला सांगितलं. अभ्यासक तीनदा त्याच विहिरीत पडले. चौथ्यांदा ते एका बकरीभोवती फिरत राहिले आणि ती दार आहे असं समजून तिला उघडायला गेले. चव्वेचाळीस सेकंदांत झोकात खोलीत शिरून बसणारा माणूस हा नव्हे, एवढी तिची खात्री पटली.

चित्रकाराकडे जायच्या आधी तिने अहवालाची तयारी करायला घेतली. दोन चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवल्याशिवाय ती कधी चूक सिद्ध झाली असं मानत नसे. एका बाजूला तिने चित्रफितीतली फळी लावली, दुसऱ्या बाजूला धाकटीच्या प्रतीतली. दोन्हीकडे पाच दौती. मग सवयीने तिने भिंतीकडे पाहिलं.

धाकटीच्या प्रतीत भिंतीवर दोन सावल्या होत्या. हे बरोबरच होतं. चित्रकाराच्या मूळ दोन दौतींची सावली दिव्यामुळे भिंतीवर पडे. थोरलीने घुसवलेल्या दौती नुसत्या चिकटवल्यासारख्या होत्या. सावली पाडायची विद्या तिला येत नव्हती. तीन वाढवल्या काय आणि चार वाढवल्या काय, सावल्या दोनच राहायच्या.

चित्रफितीत मात्र तीन सावल्या होत्या.

४

म्हणजे पाचांतली एक दौत तिने ठेवलेली नव्हती, आणि मुळातलीही नव्हती. ती कुणीतरी नंतर आणून ठेवली होती, धाकटीचा आकडा भरावा म्हणून.

ती दौत बाजूला काढली, तर मागे काय उरतं? चार. दोन सावलीच्या आणि दोन बिनसावलीच्या. अभ्यासकांच्या प्रतीत बिनसावलीची एकच होती, साहेबांच्या प्रतीत चार होत्या. दोन होत्या त्या एकाच प्रतीत.

थोरली उठून चित्रकाराकडे गेली. हा माणूस खिडकीशी बसे आणि सहसा कुणाच्या अध्यात ना मध्यात नसे. त्याच्या भिंतीवर नकाशेकाराचे चाळीस चेहरे लावलेले होते. कुठे नाक जरा रुंद, कुठे डोळे जरा खोल. एकाखालीही त्याने स्वतःचं नाव घातलं नव्हतं. शेजारी मुलाखतीचं ते कात्रण होतं, आणि त्यातल्या 'आमच्या चित्रकार मंडळींनीही छान साथ दिली' या ओळीखाली बारीक पेन्सिलने रेघ होती. मंडळी कुठली, तो एकटाच होता.

"एखाद्या वस्तूला सावली पाडायला किती वेळ लागतो हो?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"करणाऱ्यावर आहे," तो म्हणाला. "मला सावलीवाचून वस्तू ठेवताच येत नाही." एवढं बोलून तो थांबला. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि मग खूप वेळ तो कुंचला म्हणून वापरायची ती प्लॅस्टिकची लेखणी पुसत राहिला.

थोरलीला सगळं कळलं. तिला कळलं हे त्यालाही कळलं.

तिथून साहेबांची काचेची खोली दहा पावलांवर होती. साहेब आत होते, दार उघडं होतं. थोरली चार पावलं गेलीसुद्धा. मग तिला सासूबाईंचा आवाज आठवला, 'आमची धाकटी बरं का', आणि ती वळून आपल्या खुर्चीत येऊन बसली. उद्या सांगू, तिने स्वतःला समजावलं. एक दिवस तिला जरा तोंड लपवून राहू दे.

५

बुधवारी सकाळी चित्रकाराने तिच्या टेबलावर चहाचा कप आणून ठेवला. अकरा वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. थोरलीने कपाकडे पाहिलं. हा चहा घेतला, तर आपण आणि हा एकाच माळेचे मणी, हे तिला दिसत होतं. तिने चहा घेतला. साखर बरोबर दोन चमचे होती. माणसाचं लक्ष बारीक होतं.

त्या दिवशी साहेब दोनदा तिच्यासमोरून गेले आणि दोन्ही वेळा ती कामात मान घालून बसली.

घरी वेगळाच प्रकार होता. धाकटी सकाळपासून कपाटं आवरत होती. सासूबाई तिच्या मागेमागे फिरत तिची बाजू तिलाच समजावून सांगत होत्या. धाकटा दीर अर्ध्या जेवणावरून उठला. थोरलीच्या नवऱ्याने तेवढं विचारलं, की तुझ्या त्या खुणेत काही घोटाळा नसेल ना. थोरली म्हणाली, बघतेय.

भांडी आवरताना धाकटीने तिला गाठलं.

"वहिनी, सगळे म्हणतात खूण खोटं बोलत नाही. मी तरी काय बोलणार? पण ती खूण तुम्ही घातलीय. तुम्हाला काय वाटतं, मी केलं असेल?"

थोरलीला एका शब्दात हा प्रश्न मिटवता आला असता. हातातलं ताट तिने कोरडं असतानाच पुन्हा पुसलं.

"बघते," ती म्हणाली.

धाकटीने मान डोलावली. तिचा या बघण्यावर केवढा भरवसा होता, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. थोरलीला तो चेहरा बघवेना, आणि तरी पोटात कुठेतरी गार गार वाटत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा या घरात धाकटीपेक्षा तिला जास्त किंमत होती.

६

गुरुवारी पाचला सगळे काचेच्या खोलीत जमले. साहेब, अभ्यासक, चित्रकार, आणि दाराजवळच्या खुर्चीत धाकटी. भिंतीवरच्या स्क्रीनवर गेमच्या शेवटी येणारी नामावली लावलेली होती. 'कथा आणि संवाद' या शब्दांपुढे आता काही नव्हतं.

साहेबांनी घसा साफ केला. ती जागा रिकामी सोडता येणार नाही, नकाशेकाराला चित्रकाराइतकं कुणी ओळखत नाही, तेव्हा त्यांचं नाव तिथे घालावं असा विचार आहे, असं ते म्हणाले. चाळणबाईंचं नावही शेवटच्या रांगेतून वर घेणार होते. मग त्यांनी अहवाल थोरलीपुढे सरकवला. एकच वाक्य होतं. चित्रफितीतली खूण माझ्या नोंदीशी जुळते आणि ती प्रत लेखिकेची आहे.

थोरलीने पेन उघडलं. वाक्य पुन्हा वाचलं. खूण नोंदीशी जुळत नव्हती. तिच्या नोंदीत तीन सावल्या कुठेच नव्हत्या. अकरा वर्षांत तिने हजारो अहवाल लिहिले होते आणि त्यांतला एकही खोटा नव्हता. धाकटीची दया आली म्हणून तिचा हात थांबला असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण ते खरं नव्हतं. चुकीच्या कागदावर तिची सहीच उठेना.

"ही खूण माझी नाही," ती म्हणाली.

मग तिने दोन्ही चित्रं स्क्रीनवर लावली आणि सावल्या मोजून दाखवल्या. एक दौत वजा करून दाखवली. चार उरल्या. साहेबांना वजाबाकी लगेच कळली, पण मानायला वेळ लागला. लेखिकेनेच ती दौत ठेवली नसेल कशावरून, असं त्यांनी विचारलं.

"स्वतःकडे बोट दाखवणारी दौत कुणी स्वतःच ठेवील? आणि तिच्या प्रतीत पाच आधीच होत्या. कमी पडत होती ती चारवाल्याला."

सगळे चित्रकाराकडे वळले. तो नाही म्हणाला नाही.

"फळीवर मी दोन ठेवल्या होत्या," तो म्हणाला. "माझ्या प्रतीत चार झाल्या. एकदा हिच्या स्क्रीनवर पाच दिसल्या. आपण मांडलेली फळी आपल्याला पाठ असते. खूण आहे, हे तेव्हाच कळलं."

"मग सावली कशाला पाडलीत?" अभ्यासकांनी न राहवून विचारलं. "तिनेच तर घात केला."

"सावलीशिवाय ठेवून पाहिली. डोळ्यांत खुपत होती." त्याने खांदे उडवले. "त्याचं तोंड मी चाळीसदा काढलं. बाही वर सारतो ना, तो हातही माझाच आहे, आरशात बघून काढलेला. आणि लोक म्हणतात, काय लिहिलंय."

धाकटीने तोंडावर हात धरला होता. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, सुटका होती. ती उठून थोरलीकडे यायला लागली, तेवढ्यात चित्रकार पुन्हा बोलला. या वेळी थोरलीकडे बघून.

"मंगळवारी दुपारी तुम्ही मला सावलीचं विचारलंत, चाळणबाई. आज गुरुवार आहे."

धाकटी होती तिथेच थांबली.

७

दोघी रोज एकाच स्कूटरवरून ये-जा करत. थोरली चालवी, धाकटी तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसे. त्या संध्याकाळीही ती मागे बसली, पण हात मागच्या कडीला धरला. वाटेत थोरलीने मनात चार-पाच वाक्यं जुळवली. कामाचा भाग होता, पुरावा पक्का करायचा होता, साहेबांना भेटायला सवड नव्हती. एकेक करून सगळी टाकून दिली. ती असली कारणं दुसऱ्यांच्या तोंडून रोज ऐकायची आणि ती चूक म्हणून लिहून ठेवायची.

घरी सगळे जेवायला बसलेच होते. काय झालं म्हणून सासूबाईंनी घास हातात धरूनच विचारलं.

"चोर सापडला," धाकटी म्हणाली. "चित्रकार. वहिनींनी शोधला."

घरात एकदम जीव आला. दिराने डोळे मिटून सुस्कारा सोडला. सासूबाईंनी देवाचे आभार मानले आणि मग थोरलीकडे वळल्या. मी म्हणत नव्हते, हिच्या नजरेतून काही सुटायचं नाही म्हणून? घराची अब्रू राखली पोरीने. असं बरंच काही त्या बोलत राहिल्या. ही वाक्यं ऐकायला थोरलीचे कान किती वर्षं आसुसले होते. आता ती एकेक कानावर पडत होती, आणि ती मान वर करू शकत नव्हती.

"आणि किती पटकन शोधला, माहितीये?" धाकटी शांतपणे म्हणाली. तिने पाण्याचा पेला भरून थोरलीच्या ताटाशी ठेवला. "मंगळवारीच कळलं होतं त्यांना."

"बघ," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "एका दिवसात."

थोरलीच्या नवऱ्याचा हात मात्र ताटात थांबला. त्याने आधी धाकटीकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. बुधवारी भांड्यांच्या आवाजातून त्याला ते 'बघते' ऐकू गेलं असणार.

"मंगळवारी?" त्याने विचारलं.

हसून वेळ मारून नेता आली असती. सासूबाईंनी विश्वास ठेवला असता, दिराने ठेवला असता. धाकटीने पुढे एक शब्द काढला नसता, हेही थोरलीला ठाऊक होतं. तिने एवढंच बोलून बाकीचं थोरलीवर सोडलं होतं.

"हो. मंगळवारी," थोरली म्हणाली. "तिने काही केलेलं नाही, हे मला मंगळवारी दुपारी कळलं. मी गप्प बसले. तिचं कौतुक ऐकून ऐकून माझा जीव जळत होता, म्हणून बसले. दोन दिवस ही मान खाली घालून घरात फिरली, आणि मला ते बघायला बरं वाटलं."

सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला.

सोमवारी साहेबांसमोर, घरी नवऱ्यासमोर, आज त्या काचेच्या खोलीत सगळ्यांसमोर, धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. ते आता आलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडायला लागली. थोरलीला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं. पण आज तरी तो हक्क आपल्याला नाही, हे तिला कळत होतं. ती जागची हलली नाही, आणि धाकटीचं रडणं तिने शेवटपर्यंत ऐकलं.